स्ट्रॅसबर्गचा करार आणि पिचरचा हात

वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांमध्ये स्टीफन स्ट्रॅसबर्ग या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी फोनवर कॅल्क्युलेटर उघडतं. डिसेंबर २०१९ मध्ये क्लबने त्याच्याशी सात वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा करार केला. त्या करारात तो तीन हंगाम मिळून आठ सामने खेळला. एकतीस इनिंग आणि वर एक गडी, संपलं (पिचरची एक इनिंग म्हणजे तीन गडी बाद). भागाकार केला की एका इनिंगला साधारण ७८ लाख डॉलर पडतात. मग कुणीतरी म्हणतं, "फुकट खाल्ले." बेसबॉलमधल्या सर्वांत वाईट करारांच्या याद्या निघतात तेव्हा हे नाव हमखास वरच्या ओळीत असतं.

मला त्या "फुकट खाल्ले"चा राग येतो. करार फसला हे मलाही मान्य आहे, इतक्या वर्षांचा करार द्यायला नको होता असंही माझं ठाम मत आहे. पण फसला तो कुणामुळे आणि नेमका कुठे, हे न बघता सगळं खापर त्या माणसावर फोडलं जातं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, काम गेली बरीच वर्षं उत्तर व्हर्जिनियात. इथे थंडी सरली की हायस्कूलच्या टीममधली पोरं कोपर धरून आमच्याकडे यायला लागतात. सोळा-सतरा वर्षांची, उंच, लाजरी. सोबत आई किंवा बाबा. मुलाला टेबलावर बसवायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, अंगठा धरून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा आणि आपल्या दुसऱ्या हाताच्या बोटांनी कोपराच्या आतल्या हाडाखाली चाचपायचं. तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, शाबूत असेल तर हात एका जागी टचकन थांबतो. ते सैल झालं असेल तर सांधा आतून किंचित उघडल्याचं बोटांना कळतं. त्याच्या आधी मुलाच्या चेहऱ्यावरून कळलेलं असतं. बाबा मात्र विचारत असतात, शनिवारच्या मॅचला खेळू शकेल ना?

त्या एका लिगामेंटवर हा सगळा कोट्यवधींचा बाजार उभा आहे. पिचर चेंडू सोडायच्या क्षणभर आधी हात मागे इतका पिळतो की मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग जवळजवळ जमिनीला समांतर होतो. तिथून तो हात सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपासच्या वेगाने पुढे फिरतो. माणसाचं शरीर करतं त्या सगळ्यांत वेगवान हालचालींपैकी ही एक. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर जो ताण येतो तो एकटं लिगामेंट पेलूच शकत नाही, हाताचे स्नायू त्यातला वाटा उचलतात म्हणून ते टिकतं. स्नायू दमले की वाटा कमी होतो. सामन्यात नव्वद-शंभर वेळा, दर पाचव्या दिवशी, हंगामात तीसेक सामने. ओल्या सुतळीचे पेड एकेक करून तुटावेत तसं ते आतून विरत जातं, आणि एका दिवशी एका चेंडूला तुटतं. लोकांना तो शेवटचा चेंडू तेवढा दिसतो.

तुटलं तर उपाय आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात विणला. त्याचं पुनरागमन होण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. तो १९७६ मध्ये परत आला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज 'टॉमी जॉन' याच नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया इतकी सर्रास होते की पालक ती दात सरळ करून घेण्यासारखी समजतात, ते मला फार खटकतं. पण निदान कोपराच्या बाबतीत रस्ता माहितीचा आहे. वर्ष-दीड वर्ष लागतं, बहुतेक जण परत येतात.

स्ट्रॅसबर्गने तोही रस्ता तुडवला होता. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने निवडलेला मुलगा. ८ जून २०१० ला पिट्सबर्गविरुद्ध पहिला सामना, सात इनिंगमध्ये चौदा स्ट्राइकआउट (चेंडू मारू न देता बाद केलेले फलंदाज) आणि एकही वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. परत आल्यावर २०१२ मध्ये जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी त्याला १५९ इनिंगनंतर थांबवलं, संघ प्लेऑफला जात असताना. नॅशनल्स तेव्हा सेंट लुइसविरुद्धच्या पाचव्या सामन्यात सहा-शून्यची आघाडी घालवून हरले, आणि पुढे कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की पोर नाजूक आहे, त्याला कापसात गुंडाळून ठेवलंय. त्याला स्वतःला थांबायचं नव्हतं, हे मात्र कुणी बोलत नाही.

कराराच्या कहाणीतला खरा सांधा मे २०१६ चा आहे, आणि त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. खुल्या बाजारात जायला काही महिने उरले असताना क्लबने त्याला सात वर्षांचा १७.५ कोटींचा करार दिला. त्यात एक कलम होतं: २०१९ नंतर खेळाडूला वाटलं तर तो करार सोडून बाजारात जाऊ शकतो. ही कलमं दिसतात निरुपद्रवी, पण तोल पूर्ण एका बाजूला असतो. हंगाम वाईट गेला तर खेळाडू आहे त्या पैशावर थांबतो, उत्तम गेला तर उठून जातो. म्हणजे क्लबला तो परत हवा असेल तर पिचरच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वर्षानंतर, सर्वांत चढ्या भावाने, सर्वांत दमलेला हात विकत घ्यावा लागतो. जुना करार तसाच चालू राहिला असता तर चार वर्षांचे दहा कोटी उरले होते आणि २०२३ ला सगळं संपलं असतं.

आणि २०१९ काय वर्ष होतं! नेहमीच्या हंगामात २०९ इनिंग, लीगमध्ये सर्वाधिक, १८ विजय. त्यावर प्लेऑफमधल्या ३६, पाच विजय, हार एकही नाही. मिळून २४५ इनिंग. त्याआधीच्या नऊ हंगामांत दोनशेचा आकडा त्याने एकदाच, २०१४ मध्ये, ओलांडला होता. मधली वर्षं कधी कोपर, कधी खांदा, कधी मानेतली नस.

वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे विजेतेपदाच्या सात सामन्यांच्या लढतीचा, सहावा सामना, २९ ऑक्टोबर, ह्यूस्टन. नॅशनल्स हरले तर सगळं खलास. पहिल्याच इनिंगमध्ये स्प्रिंगरचा डबल, मग ब्रेगमनचा होम रन, दोन रन गेले. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाचे फलंदाज त्याच्या चेंडूंवर असे तुटून पडत होते जणू पुढचा कोणता येणार ते त्यांना ठाऊक आहे. डगआउटमध्ये पिचिंग कोच पॉल मेनहार्टने त्याला सांगितलं, तू ग्लोव्हमध्ये चेंडू धरतानाच काहीतरी दाखवतोयस. दुसऱ्या इनिंगपासून बघा. प्रत्येक चेंडूआधी तो ग्लोव्ह फडफडवायला लागला, आत बोटांची पकड बदलतेय की नाही हे कुणाला दिसू नये म्हणून. आयुष्यभराची सवय, जगातल्या सर्वांत मोठ्या रात्री, दोन इनिंगच्या मधल्या काही मिनिटांत बदलली. त्यानंतर ॲस्ट्रोजला एकही रन मिळाला नाही. नवव्या इनिंगमध्ये एक गडी बाद करून तो बाहेर आला तेव्हा १०४ चेंडू झाले होते. मी ती इनिंग हॉलमध्ये उभी राहून बघितली, बसवतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नॅशनल्स सातवा सामना जिंकले आणि स्ट्रॅसबर्ग सीरिजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

त्याच्या अंगात तेव्हा २४५ इनिंग मुरलेल्या होत्या, आणि सहा आठवड्यांनी करार झाला तो २४.५ कोटींचा. इनिंगमागे दहा लाख. हा योगायोगच, पण माझ्या दृष्टीने कराराचा अर्थ तोच आहे. ते पैसे २०२० ते २०२६ चे नव्हते. ते २०१९ चे होते, आणि त्याआधीच्या वर्षांचे.

बेसबॉलमध्ये पगाराची रचनाच तशी आहे. मोठ्या लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा होईपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही. पहिली तीनेक वर्षं किमान वेतनाच्या आसपास, जे २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार डॉलर आहे. नंतरची तीन वर्षं लवादाच्या हिशोबाने थोडी चढती. मग बाजार. तोवर पिचर एकोणतीस, तीस, एकतीस वर्षांचा होतो, म्हणजे हातातले सर्वांत चांगले चेंडू टाकून झालेले असतात, त्यातले पुष्कळसे स्वस्तात. क्लब ते वापरून मोकळा झालेला असतो. नंतर जी लांबलचक रक्कम लिहिली जाते ती मागची थकबाकी आहे. नव्या क्लबकडे गेला तर ती दुसऱ्याने भरायची, तिथेच राहिला तर पहिल्याने. स्ट्रॅसबर्गच्या बाबतीत ज्याने हात वापरला त्यानेच भरली, आणि मला ते न्यायाचं वाटतं.

पुण्याला माझा मोठा भाऊ विम्याच्या क्षेत्रात आहे. क्रिकेटचा भक्त, बेसबॉल माझ्यामुळे थोडंफार कळतं. मागे फोनवर हा विषय निघाला तर म्हणाला, "अगं, एवढी रक्कम, आणि विमा नव्हता?"

"बातम्यांत तरी नव्हता असंच आलं होतं दादा. प्रीमियम परवडणारा नव्हता म्हणे."

"नसणारच. कोपर एकदा कापलेलं, खांदा दुखलेला, मान दुखलेली. आमच्याकडे असा प्रस्ताव आला तर आम्ही नेमके तेच भाग वगळून पॉलिसी देऊ. मग उरलं काय? डावा पाय?" मग म्हणाला, "आपल्याकडचं बरं. बीसीसीआयचा करार वर्षाचा. पुढच्या वर्षी पुढचं बघू."

दादाचं विम्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ज्या हाताचा विमा कुणी उतरवायला धजत नाही तो हात सात वर्षांसाठी घेताना क्लब स्वतःच विमा कंपनी होतो, आणि ते त्याने डोळे उघडे ठेवून व्हायला हवं. पण वर्षाच्या कराराबद्दल मी त्याच्याशी भांडले. बेसबॉलमध्ये ती पद्धत होती, किती तरी वर्षं. सँडी कोफॅक्सने १९६६ मध्ये ३२३ इनिंग टाकल्या, २७ सामने जिंकले आणि त्याच नोव्हेंबरात, तिशीतच, निवृत्ती जाहीर केली. कोपर संधिवाताने गेलं होतं. त्या वर्षीचा पगार होता सव्वा लाख डॉलर, आणि तोही हंगामाआधी सहकारी पिचर डॉन ड्रिसडेलसोबत अडून बसल्यावर मिळालेला. पुढच्या वर्षी काही नाही, कारण करार वर्षाचा. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे खेळाडूंना बाजार खुला झाला. ते दोघे पिचर होते हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांचं शरीर सर्वांत आधी झिजतं त्यांनीच हे मागितलं. लांब, पूर्ण हमीचा करार ही त्या इतिहासातून आलेली गोष्ट आहे, ती कुणाची हाव नाही.

मग करार फसला कुठे? नॅशनल्सचंच उदाहरण पुरेसं आहे, कारण पाच वर्षांच्या आत या एका क्लबने तीन पिचरना लांब करार दिले आणि तिघांचे तीन वेगळे शेवट झाले.

मॅक्स शेरझर, जानेवारी २०१५, वय तीस, सात वर्षं, २१ कोटी, त्यातले निम्मे पुढे ढकललेले. हात निरोगी, आधीची दोन वर्षं दोनशेच्या वर इनिंग. पहिल्याच वर्षी दोन नो-हिटर (समोरच्या संघाला एकही यशस्वी फटका न मारू देता संपवलेले सामने), मग एका सामन्यात वीस स्ट्राइकआउट, लागोपाठ दोन साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजमधल्या पाचव्या सामन्याच्या सकाळी मान अशी आखडली की हात उचलता येईना. त्याने ती मॅच सोडली, इंजेक्शन घेतलं आणि तीन दिवसांनी सातव्या सामन्यात पाच इनिंग टाकल्या. पिचरला दिलेल्या मोठ्या करारांत याच्याइतका वसूल झालेला दुसरा मला आठवत नाही.

पॅट्रिक कॉर्बिन, डिसेंबर २०१८, सहा वर्षं, १४ कोटी. त्याची टॉमी जॉन २०१४ मध्येच झालेली. सातव्या सामन्यातल्या तीन इनिंग त्याच्या, विजय त्याच्या नावावर. नंतर तो आजारी पडलाच नाही. २०२१ ते २०२४ प्रत्येक हंगामात तीसहून जास्त सामने खेळला, आणि २०२१ मध्ये सोळा, २०२२ मध्ये एकोणीस सामने हरला. दुखापत झाली नाही म्हणजे करार पावला असं नसतं, हे त्याच्याकडून कळतं. स्लायडरची, म्हणजे ऐनवेळी वळणाऱ्या त्याच्या चेंडूची, धार गेली, कोपर शाबूत.

आणि तिसरा स्ट्रॅसबर्ग. २०२० मध्ये दोन सामने, मग हाताच्या नसेची शस्त्रक्रिया. २०२१ मध्ये पाच सामने, मग जुलैमध्ये थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमची शस्त्रक्रिया. जून २०२२ मध्ये मायामीत एक सामना, पाच इनिंगही नाहीत, सात रन. नंतर बरगड्यांवर ताणाच्या खुणा निघाल्या. पुन्हा कधीच नाही.

हे थोरॅसिक आउटलेट प्रकरण मला जरा समजावून सांगू द्या, कारण "फुकट खाल्ले" म्हणणाऱ्यांना ते माहीत नसतं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद फटीतून जातात. हात वर करून वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची ती फट आवळते. आमच्याकडे असे रुग्ण येतात: केस कापणाऱ्या बायका, छत रंगवणारे पेंटर. त्यांना दोन्ही हात वर करून मुठी उघडझाप करायला सांगते. तीन मिनिटं करायची असते. काही जणांचा हात पहिल्याच मिनिटात पांढरा पडतो आणि खाली येतो, कितीही जिद्द असली तरी. बोटं बधिर, हात शिशासारखा जड. शस्त्रक्रियेत पहिली बरगडी आणि मानेतले स्नायू काढतात. केस कापणारी बाई त्यानंतर कामावर परत जाऊ शकते, मी जाताना बघितलंय. पण ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू मनात येईल तिथे टाकणं हे काम वेगळं आहे. पिचर मॅट हार्वीची २०१६ मध्ये तीच शस्त्रक्रिया झाली, तो पहिल्यासारखा कधी झाला नाही. मेरिल केली २०२० मध्ये त्यातून गेला आणि २०२३ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सात इनिंग अप्रतिम खेळला. कोण कुठल्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही. कोपराला निदान नकाशा आहे, इथे तो नाही. आणि मान, खांदा, हातातल्या नसा यांची कुरकुर २०१८ पासून त्याच्या वैद्यकीय कागदांवर होतीच. सात वर्षं लिहिताना ते कागद कुणी तरी वाचले असतीलच, म्हणून क्लबबद्दल मला सहानुभूती कमी वाटते.

काय करता आलं असतं? बॉस्टनने पिचर जॉन लॅकीच्या बाबतीत डिसेंबर २००९ मध्ये केलं तेच. पाच वर्षं, ८.२५ कोटी, आणि एक कलम: कोपराच्या दुखण्यामुळे तो मोठा काळ बाहेर राहिला तर सहाव्या वर्षी, २०१५ मध्ये, क्लब त्याला किमान वेतनावर ठेवू शकतो. त्याचं कोपर गेलं, २०१२ चं पूर्ण वर्ष गेलं. लॅकीला त्या वर्षाचे पैसे मिळाले, क्लबला २०१५ चा हक्क मिळाला, तो हक्क पुढे सेंट लुइसकडे गेला आणि तो तिथे ठरल्या पैशांत खेळला. कुणी कुणाला लुबाडलं नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये पिचर योशिनोबू यामामोटोला बारा वर्षांचे ३२.५ कोटी दिले तेव्हाही करार सोडून जाण्याची वर्षं कोपराच्या दुखापतीशी बांधलेली होती. बारा वर्षं ऐकून मी डोक्याला हात लावला होता, पण तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि २०२५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने एकट्याने तीन सामने जिंकले. वय हा इथला सर्वांत मोठा फरक आहे.

धीर धरण्याचाही प्रश्न असतो. ख्रिस सेलला बॉस्टनने पाच वर्षांचे १४.५ कोटी दिले, चार वर्षांत तो एकतीस सामने खेळला. शेवटच्या वर्षी त्यांनी त्याला अटलांटाला पाठवलं, वर १.७ कोटी पदरचे घातले, आणि तो २०२४ चा साय यंग जिंकला. जेकब डिग्रॉम टेक्सासला आल्यावर पहिल्या वर्षी सहा सामने आणि दुसरी टॉमी जॉन, दुसऱ्या वर्षी तीन सामने, तिसऱ्या वर्षी तीस. त्याच्याशिवाय टेक्सास २०२३ ची वर्ल्ड सीरिज जिंकलं, कारण त्याच्या मागे माणसं होती.

तेच नॅशनल्सकडे नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये मालक मार्क लर्नर यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की स्ट्रॅसबर्ग आणि अँथनी रेंडन या दोघांपैकी एकालाच ठेवणं परवडेल. सहाव्या सामन्यात पाच रन आणणारा रेंडन अनाहाइमला गेला, नेमक्या सात वर्षांच्या नेमक्या २४.५ कोटींवर. तोही तिथे दुखापतींनी बेजार झाला, एकाही हंगामात साठ सामने खेळला नाही. म्हणजे क्लबने दुसरं नाव निवडलं असतं तरी फारसं वेगळं घडलं नसतं, आणि रेंडन काही पिचर नव्हता. मग २०२१ मध्ये शेरझर आणि ट्रे टर्नर गेले, २०२२ मध्ये हुआन सोटो गेला, आणि त्या वर्षी संघ १०७ सामने हरला. रेस्टनहून सिल्व्हर लाइन पकडून, मध्ये गाडी बदलून नेव्ही यार्डला उतरायचं आणि अर्धं रिकामं स्टेडियम बघायचं, अशी ती वर्षं गेली. त्याला एका पिचरचा खांदा जबाबदार आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. एका करारावर संपूर्ण संघ उभा करणं आणि तो पडल्यावर बाकीचंही मोडीत काढणं, हा निर्णय मालकांच्या खोलीत झाला.

यातलं सर्वांत लागलेलं मात्र २०२३ चं. ऑगस्टमध्ये बातमी आली की तो निवृत्त होणार, सप्टेंबरात कार्यक्रम ठरला, आणि ऐनवेळी रद्द झाला. मुद्दा पैशांचा होता. खेळाडू स्वतःहून निवृत्त झाला तर पुढच्या पगारावर पाणी, जखमी यादीत राहिला तर पूर्ण पगार. म्हणून ज्याला धड चेंडू टाकता येत नाही त्याने कागदोपत्री खेळाडू राहायचं. अखेर एप्रिल २०२४ मध्ये तडजोड होऊन निवृत्ती जाहीर झाली, एका लेखी निवेदनाने. या शहराला ज्याच्या खांद्यावरून ट्रॉफी मिळाली त्याला उभं राहून टाळ्या वाजवायची संधी आम्हाला त्या सप्टेंबरात मिळाली नाही.

आता २०२६ च्या हंगामानंतर डेट्रॉइटचा टॅरिक स्कूबल बाजारात येईल. लागोपाठ दोन वर्षं साय यंग जिंकलेला डावखुरा पिचर. नोव्हेंबरात तीस पूर्ण होतील. कॉलेजात असताना टॉमी जॉन, २०२२ मध्ये त्याच हाताच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया. एजंट स्कॉट बोरास, जे स्ट्रॅसबर्गचेही होते. आकडे डोळे फिरवणारे असतील आणि पुन्हा तेच कॅल्क्युलेटर निघतील. मला विचाराल तर मी त्याला पाच वर्षं देईन, आठ-दहा नाही, वर्षाचा आकडा हवा तेवढा मोठा ठेवून. लॅकीसारखं कोपराचं कलम घालीन. मधूनच सोडून जायचं कलम घालणार नाही. पहिली तीन वर्षं खेळासाठी आणि शेवटची दोन मागच्या थकबाकीपोटी, असं ताळेबंदात पहिल्याच दिवशी लिहून ठेवीन आणि त्याच्या मागे दोन तरुण पिचर तयार ठेवीन. आणि तिसऱ्याच वर्षी हात गेला, तर चौथ्या-पाचव्या वर्षाचा पगार वेळेवर जमा करीन, निवृत्तीचा कार्यक्रम ठरल्या तारखेला मैदानावर घेईन, आणि त्या दिवसाची तिकिटं हायस्कूलच्या पिचरना फुकट देईन.